घोडीचं जीन कुणी काढलं?

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसते. जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. उगवलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा! तरीही हे लिहितेय...

माझा मोठा भाऊ, दादा, सैन्याच्या घोडदळात होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेला. तिथे यादवी युद्ध चाललेलं. पेटलेल्या गावातून बायका-लेकरं बाहेर काढताना दादा गेला. शौर्यपदक आईच्या हातात आलं. दादा मात्र बंद पेटीत आला, आणि ती पेटी उघडू दिली नाही. तोंड बघायला मिळालं नाही, म्हणून आई अजून म्हणते, "त्यात माझाच लेक कशावरून?" समजावून आम्ही थकलो.

यंदा धाकट्या भावाचं लग्न निघालं. आष्टीत, आमच्या गावी, घरासमोरच मांडव होता. नवरदेव मारुतीला जाऊन आला, घोडी फाटकाशी बांधली आणि भरदुपारी सगळे जेवायला बसले. घोडीवाले चाँदभाई माझ्या समोरच्याच पंगतीत होते — जिलेबीवर असा हात मारत होते की घोडी विसरलेच असतील!

हात धुवायला बाहेर आले तर... घोडीचं जीन काढून ओट्यावर पालथं ठेवलेलं. पाठ घासून कोरडी केलेली. पुढ्यात पाण्याची बादली. शेजारी कडब्याची पिळून केलेली वेणी.

चाँदभाई गडबडले. "ताई, मी तर बराबर तुमच्या समोर बसल्तो. आन् ती दुसऱ्याला बिलकुल हात लावू देत न्हाई!"

मी ती वेणी उचलून पाहिली. सुट्टीवर आला की दादा अश्शीच वेणी करून आमचे बैल घासायचा. गावात दुसरं कुणी तसं करत नाही. कुणी थट्टा केली का, म्हणून एकेकाला विचारलं... कुणीच नाही.

मागून आई आली. तिने ते सगळं पाहिलं आणि तिचा चेहरा जसा उजळला, तसा दादा गेल्यापासून मी पाहिला नव्हता.

"आला गं! त्याचं आसंच — पहिले जनावराचं पाणी, मंग आपलं. हातपाय धुऊन राह्यला आसंल. जल्दी ताट वाढ."

"आई, अगं..." म्हणता म्हणता मी ताट वाढलं.

पाहुणे गेले, मांडव रिकामा झाला, दादाच्या ताटातला भात वाळला. आई दाराकडे तोंड करून बसलेली. दिवेलागणीला तिने स्वतःच ताट उचललं.

"घोडीपत्तोर आल्ता. मंग मला का न्हाई भेटला गं?"

घोडीचं कुणी केलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. खरं सांगू, आता कळायला नकोही आहे. आई मात्र रोज तेच विचारते, "मला का न्हाई भेटला गं?"... आणि मला रडू येतं.