व्हरांड्यात सांगितलेला निकाल

डॉ. वासंती नेवाळकर बाईंची आणि माझी पहिली भेट माझ्या उशिरामुळे लक्षात राहिली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माबेला या उपनगरातल्या घरून निघून मी गर्दीत अडकलो आणि मस्कतच्या प्रयोगशाळेत घामाघूम होऊन पोचलो. "आधी पाणी प्या, मग नळ्यांना हात लावा," एवढंच बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य.

शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, तो संधिवात काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो, हा बाईंचा अभ्यासविषय. जनुकांतले कोणते बदल हा धोका वाढवतात, ते त्या इथल्या कुटुंबांच्या रक्तात शोधत आल्या. त्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात कौतुक लिहायला मी हौसेने बसलो, तर बाईंनी अट घातली, "सलमाचं लिहिणार असाल तरच लिहा." जिवावर आलं, पण बाईंपुढे कोणाचं चाललंय?

ओमानमधल्याच सहम गावी दुकान असलेले, मूळचे रत्नागिरीचे इब्राहिमभाई या दुखण्याने बेजार होते. अभ्यासासाठी त्यांनी आणि त्यांच्या मुलीने, सलमा यांनी, रक्त दिलं. निकालाच्या दिवशी बाई घाईत होत्या. भाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, हां का नाय, तेवढंच बोला."

"हो, मुलीतही तोच बदल आहे," म्हणून बाई पुढे गेल्या.

भाईंनी त्याचा अर्थ घेतला, मुलीलाही तेच दुखणं आहे. सलमांचा साखरपुडा झालेला. भाई सचोटीचे, लपवून लग्न लावणं त्यांना हराम. त्यांनी मुलाकडच्यांना सांगून टाकलं आणि सोयरीक मोडली.

कळताच बाई मुलाकडच्यांच्या घरी गेल्या. गाडी मी चालवत होतो. "हा बदल म्हणजे आजार नव्हे. दार किलकिलं असतं, इतकंच, आत कोणी येईलच असं नाही," त्या परोपरीने समजावत राहिल्या. त्या मंडळींनी खजूर दिले, कावा म्हणजे अरबी कॉफी दिली, माना डोलावल्या आणि नकार कायम ठेवला. परतताना बाई गाडीत रडल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्यानंतर बाईंनी कोणालाही घाईत निकाल सांगितला नाही. घरच्यांना जवळ बसवून, त्यांच्या भाषेत, त्यांना उमजेपर्यंत सांगितला. बाळंतपणानंतर माझ्या बायकोची बोटं सुजली, तेव्हा तिची भीती घालवायला त्या मदिनत सुलतान काबूसमधल्या आपल्या घरून इतक्या लांब माबेलाला आल्या, वर डिंकाचे लाडू घेऊन.

तुलनेसाठी बाईंनी तेव्हा स्वतःचंही रक्त तपासलं होतं. त्यात तो बदल नव्हता. आता रोज सकाळी बोटं आखडतात ती मात्र बाईंची. गेल्या ईदला सलमा शीरखुर्मा घेऊन आल्या. डब्याचं झाकण बाईंना उघडेना. सलमांनी ते सहज उघडलं आणि त्या म्हणाल्या, "माझे हात बरे हायत, मॅडम." बोलण्यात राग नव्हता. लग्न त्यांनी पुढे केलंच नाही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, बोटांचं दुखणं आटोक्यात राहो. मनातली टोचणी जावी, असं मात्र मी मागत नाही. मागितलं तर बाईच माझ्यावर रागावतील.