थट्टेत गेलेलं रान

मिहांबो कसा माणूस होता असं कोणी विचारलं असतं, तर किब्वानाला धड चार वाक्यं सांगता आली नसती. तरुणपणापासूनचं येणंजाणं, पण मिहांबोला मुलं किती झाली, त्यातली जगली किती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. किब्वाना झरामो, समुद्राकाठचा. मिहांबो न्यामवेझी, पार पश्चिमेकडून घायपाताच्या मळ्यावर पानं कापायला आलेला. या दोन जमातींत पणज्यांपासूनचं थट्टेचं नातं होतं. मेहुण्या-मेहुण्यांत असतं तसं, फक्त गावंच्या गावं त्यात. एकाने शिवी द्यायची, दुसऱ्याने दुप्पट परत करायची. एकाने कोंबडी उचलून नेली तरी मालकाने हसायचं. जो रागावला तो हलका ठरला.

मिहांबोच्या पूर्वजांनी व्यापाऱ्यांची ओझी वाहिली, म्हणून किब्वाना त्याला हमाल म्हणायचा. मिहांबो त्याला चारचौघांत ‘माझा गुलाम’ म्हणून ओळख करून द्यायचा आणि त्याच्याच ताटातलं उचलून खायचा.

झरामोंच्या घरी मयत झालं की मिहांबोला आधी निरोप जायचा. कबर खणून झाली की हा तीत उतरून आडवा व्हायचा. म्हणायचा, जागा माझ्या मापाची निघाली, तुमच्या म्हाताऱ्याला दुसरी खणा. मेलेल्याचा खोकला, त्याचं लंगडणं हुबेहूब करायचा. रडणाऱ्या बायकांना पदराआड हसू फुटायचं. मग कोणीतरी हातावर चिल्लर ठेवली की तो बाहेर यायचा. त्याच्याशिवाय माती हलकी होत नाही, असं गाव म्हणायचं.

किब्वानाच्या मामाने मिहांबोला खाडीपलीकडचं झुडपी रान तोंडी दिलं होतं. मिहांबोने ते साफ करून काजू लावला. झाडं फळाला आली. मामा गेला, ते बोलणं ऐकलेली माणसंही गेली. साक्षीला उरला एकटा किब्वाना.

मग पक्का रस्ता आला आणि रानाला गिऱ्हाईक आलं. किब्वानाच्या बहिणीचा मुलगा शोमारी याने एका सकाळी तिथे खांब रोवले. विचारलं तर हसत म्हणाला, “हमालाचं रान उचललं मी. कोंबडी उचलतो तसं.” लोक पोट धरून हसले. मिहांबोलाही हसावं लागलं.

संध्याकाळी तो किब्वानाकडे आला. किब्वानाच्या बायकोने, तातूने, उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचं ताट मध्ये ठेवलं. मिहांबोने ताटाला हात लावला नाही.

“शोमारी रान विकतोय,” तो म्हणाला. “तुझ्या मामाने मला दिलं होतं, एवढं गावसभेत सांग. दुसरं काही नको.”

तो पहिल्यांदाच सरळ बोलत होता, आणि ते किब्वानाला कळलं होतं. पण झरामोंत भाचाच वारस. किब्वानाचं म्हातारपण शोमारीच्या हातात होतं.

“हमालाला रान कशाला रे?” तो म्हणाला. “ओझं टेकवायला झाडाखालची सावली पुरते.”

मिहांबो हसला, रीतीप्रमाणे मोठ्याने. तो गेल्यावर तातूने ताट उचललं.

“तो मस्करी करत नव्हता,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे.”

त्यानंतर तातू नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. गावसभेत किब्वानाने तोच सावलीचा विनोद पुन्हा केला. हशा झाला आणि त्या हशातच निकाल लागला. काजूची झाडं पडली. मिहांबो मळ्यावरच्या कोणाच्या तरी पडवीत राहू लागला.

पुढच्या काजूच्या हंगामाआधी तातू तापाने गेली. मिहांबोला निरोप गेला. तो येईल की नाही, असं किब्वानाच्या मनात दिवसभर चाललं होतं. आज त्याने चारचौघांत आईबापावरून शिव्या द्याव्यात, थुंकावं, रानाचं नाव काढून वाभाडे काढावेत. रीतीत सगळं बसत होतं. ते ऐकायला किब्वाना तयार होऊन बसला होता. तेवढं झालं असतं तर त्याचं निभावलं असतं.

मिहांबो धुतलेला सदरा घालून आला. लोकांनी कबरीपर्यंत वाट करून दिली. तो काठावर हात बांधून उभा राहिला.

“उतर की, हमाला,” शोमारी म्हणाला. “मामी वाट बघतेय.”

मिहांबोने ऐकलं न ऐकलंसं केलं. मयत उतरवल्यावर परक्यांच्या रांगेत उभं राहून त्याने मूठभर माती टाकली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मग तो किब्वानासमोर आला आणि अनोळखी वडीलधाऱ्यापुढे वाकतात तसा वाकला.

“देव तुम्हाला धीर देवो, बाबा.”

दोघे एकाच वयाचे होते. किब्वानाने हमाल म्हणायला तोंड उघडलं, पण निघालं ते वेगळंच.

“जेवून जा,” तो म्हणाला.

“नको. पहाटेची गाडी आहे, गावाकडे चाललोय.”

“सामान फार आहे?”

“नाही. एकच पिशवी.”

“बरं. जपून जा.”

“हो. तुम्हीही तब्येतीला जपा.”