जांभळ्या काठाचा घेवडा

मोशीच्या मंजुळाबाईंचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं असंही नाही. दूधवाल्याचं माप, विजेचं मीटर, डॉक्टरच्या गोळ्या, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची पिशवी, सगळ्यांकडे त्या एकाच नजरेनं बघायच्या. कुणी गोड बोललं तर हा काय मागायला आलाय, आणि कुणी गप्प राहिलं तर हा काय लपवतोय. त्यांचे यजमान दत्तोबा सांगायचे, "लग्नात अंतरपाटाखालून हिनं माझं पाय बघून घेतलं व्हतं, सहा बोटं हायेत का म्हणून." मंजुळाबाईंनी ही गोष्ट कधी नाकारली नाही. बघून घेतलेलं बरं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

इंद्रायणीकाठची शेतं गेली आणि तिथं टॉवर उभे राहिले, तेव्हा गोड बोलणारी माणसं त्यांनी पोटभर पाहिली होती. उरली ती घरामागची परसाची पट्टी. तिथं कांदे, मेथी, दोन वांगी, झेंडू, आणि तारेच्या कुंपणावर घेवडा. हा घेवडा साधा नव्हे. हिरव्यागार शेंगेला कडेनं जांभळा काठ, लुगड्याला असावा तसा. सासूनं बी हातात ठेवताना बजावलं होतं की हे आपल्या घराचं आहे, बाहेर जाता कामा नये. मंजुळाबाईंनी सासूचं बाकी काही ऐकलं असेल-नसेल, हे मात्र पाळलं.

पाळण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. बी मागायला आलेल्या बाईला दारातून रिकामं पाठवणं बरं दिसत नाही. म्हणून त्या आत जायच्या, मूठभर बी तापल्या तव्यावर फिरवायच्या, गार करायच्या आणि पुडी बांधून हसतमुखानं द्यायच्या. ते बी जन्मात उगवायचं नाही. पुढच्या वर्षी बाई तक्रार घेऊन आली की तिचा तळहात हातात घेऊन म्हणायच्या, "तुझ्या हाताला गुन न्हाई गं." हा उद्योग घरात फक्त सुनेला, निशिगंधाला, माहीत होता. एकदा ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली होती, "आत्या, असं करू नये. पाप लागतं." मंजुळाबाईंनी ते वाक्य मनात जपून ठेवलं.

निशिगंधा चाकणकडची. नवरा दिग्विजय कंपनीत, शिफ्टप्रमाणे झोपणारा आणि शिफ्टप्रमाणे जेवणारा. लग्न होऊन आली तेव्हा परसात पाऊल टाकायलाही तिला परवानगी लागायची. हळूहळू पाणी घालायचं काम तिच्याकडे आलं, मग खुरपणी, मग सासूचे गुडघे धरले तेव्हा शेंगा तोडायचंही. त्या पट्टीत एकटीनं वावरायला मिळणं म्हणजे या घराची झाल्यासारखं, असं तिला वाटायचं. बोलून दाखवलं नाही, पण वाटायचं.

आकुर्डीत बागेची आवड असलेल्या लोकांचं एक मंडळ दरवर्षी माघात मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवतं. फुलं, फळं, भाज्या, सगळं घरी पिकवलेलं. घरच्या शेंगांच्या गटात मंजुळाबाईंचा पहिला नंबर ठरलेला. तरी त्या पहाटेच निघायच्या, शेंगांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायच्या आणि उतरेपर्यंत सुनेच्याही हातात द्यायच्या नाहीत.

या वर्षीही दोघी लवकर पोचल्या. ताटली मांडून झाल्यावर मंजुळाबाईंनी नेहमीप्रमाणे दालनाला एक फेरी मारली. गुलाबांपाशी थांबून एका फुलाला हळूच बोट लावलं आणि निशिगंधाच्या कानात म्हणाल्या, "गार लागतंय. पिंपरीच्या बाजारातलं हाय हे, फ्रिजमधलं." एका दुधी भोपळ्याकडे बघून त्यांनी फक्त नाक मुरडलं. मग शेंगांच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

तिथल्या ताटलीत घेवडा होता. जांभळ्या काठाचा.

शेंगा थोड्या लहान होत्या, मांडणी अडाण्यासारखी होती, पण काठ तोच. मंजुळाबाईंनी एक शेंग उचलून उजेडात धरली, वास घेतला, देठ नखानं दाबून पाहिला. स्वतःचं मूल दुसऱ्याच्या कडेवर दिसावं तसं त्यांना झालं. ताटलीपुढे नुसता क्रमांक होता. परीक्षण होईपर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही, असा मंडळाचा नियम.

टेबल सांभाळायला आकुर्डीच्या सुमनताई होत्या, निवृत्त शिक्षिका. मंजुळाबाईंनी त्यांना गाठलं. "ही ताटली कुनाची?"

"आत्ता नाही सांगता यायचं, मंजुळाबाई. नियम आहे." सुमनताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "मलाही नवलच वाटलं. तुम्ही मला दिलेलं बी तर कधी उगवलंच नाही."

मंजुळाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ही बाई खरं बोलत होती, कारण तिचं बी तव्यावरून गेलेलं होतं. मागितलेलं प्रत्येक बी तव्यावरून गेलं होतं. म्हणजे जिवंत बी मागून गेलेलं नाही. ते कुणीतरी दिलंय, घरातून, त्यांच्या पाठीमागं. आता परसात एकटी जाणार कोण? तव्याची गोष्ट ठाऊक कुणाला? आणि पाप लागतं असं म्हणालं होतं कोण? हिशेब इतका सरळ जुळला की त्यांना आपल्या उशिरा जागं होण्याचाच राग आला. गेल्या महिन्यात माहेरी जाताना हिची पिशवी जरा फुगलेलीच होती. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की लवकर खाली येत नाही. तिथून कुणाशी बोलते?

"निशे, इकडं ये."

निशिगंधा आली. ताटली बघून तिचा चेहरा बदलला. घाबरला म्हणावं इतपत नाही, पण बदलला, आणि मंजुळाबाईंना तेवढं पुरलं.

"कुनाला दिलंस?"

"मी कुणाला नाही दिलं, आत्या."

"मग ह्ये काय पाय फुटून आलं का? आपल्या घराबाहेर ह्ये बी न्हाई. म्या दिलेलं न्हाई. मग ऱ्हायलं कोन?"

"मी नाही दिलं," निशिगंधा पुन्हा म्हणाली. तिनं एकदा त्या ताटलीकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, आणि बोलली नाही.

ते गप्प राहणं मंजुळाबाईंना कबुलीसारखं वाटलं. त्यांचा आवाज चढला. कुंड्या मांडणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. "आजपासनं परसात पाय ठेवायचा न्हाई. पानी म्या घालीन, मरंना का माझं गुडघं. आज बी गेलं, उद्या घरातलं काय जाईल कुनी सांगावं."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण संशय एकदा पेटला की मंजुळाबाईंच्या तोंडाला लगाम नसायचा. निशिगंधानं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ती दालनाबाहेर जाऊन मांडवातल्या खुर्चीवर बसली. सुमनताई उगाच ताटल्या सरळ करत राहिल्या.

परीक्षक आत गेले, दार बंद झालं. मंजुळाबाईंनी दारासमोरचीच खुर्ची पकडली. सुनेनं आणलेला चहाही घेतला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईत त्या चोर शोधत होत्या. ती जाड बाई सारखी घड्याळ का बघते? ती दुसरी निशिगंधाकडे बघून हसली का? दार उघडलं की त्या ताटलीपाशी जाऊन उभं राहायचं, जी बाई हक्कानं जवळ येईल तिचा हात धरायचा आणि सगळ्यांसमोर नाव वदवून घ्यायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

दार उघडलं. मंजुळाबाईंच्या ताटलीवर पहिल्या नंबराचं कार्ड होतं. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट दुसऱ्या टोकाला गेल्या. त्या ताटलीवर दुसऱ्या नंबराचं कार्ड होतं. निशिगंधा मागं येऊन थोड्या अंतरावर उभी राहिली.

गर्दीतून एक तरुण बाई लगबगीनं आली. कार्ड बघून तिनं तोंडावर हात ठेवला. मग तिची नजर मंजुळाबाईंवर गेली, आणि हात धरायला मंजुळाबाईंनी हात पुढं करायच्या आत ती वाकून त्यांच्या पाया पडली.

"मावशी, तुमच्यामुळं झालं बगा हे समदं."

मंजुळाबाईंनी ओळखलं. मागच्या गल्लीतल्या इमारतीत भाड्यानं राहणारी नेहा, हिंगोलीकडची. नवरा चाकणला कंपनीत.

"माझ्यामुळं? म्या कवा बी दिलं तुला?"

"बी नाही मावशी, सुगड दिलं होतं की. मागच्या वर्षीच्या संक्रांतीला." नेहा आजूबाजूच्या बायकांनाही सांगायला लागली. "मी नवीनच आले होते. कोणी ओळखीचं नाही, ववसायला कोणाकडं जावं कळंना. मावशींनी सोताहून घरात बोलावलं, हळदी-कुंकू लावलं, सुगड हातात दिलं. त्यात ह्या शेंगा होत्या. लई जून होत्या, खाता येईनात. मग वाळवल्या, आन पावसाच्या तोंडाला ह्यांनी आणलेल्या फुटक्या ड्रममध्ये लावल्या. गॅलरीभर येल झाला. म्हणलं, मावशींना इथंच दाखवावं."

मंजुळाबाईंना ती संक्रांत आठवली. नेहाला त्यांनी घरात घेतलं होतं ते माया आली म्हणून नव्हे. मागं कोण राहायला आलंय, कसल्या वळणाचं आहे, ते जवळून बघून घ्यावं म्हणून. आणि सुगडं भरताना ऊस, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे झाल्यावर निशिगंधानं घेवड्याच्या कोवळ्या शेंगा घातल्या होत्या. मंजुळाबाईंनीच त्या काढून घेतल्या. चांगल्या शेंगा वाटून कशाला टाकायच्या, असं म्हणून वेलावर राहून टणक झालेल्या शेंगा त्यांनी आपल्या हातानं प्रत्येक सुगडात खोचल्या होत्या. आत टपोरं, पिकलेलं बी. तव्याचा चटका न लागलेलं. अशी किती सुगडं त्यांनी किती वर्षं वाटली, देव जाणे. आणि ववशात दिलेलं काही परत मागता येत नाही.

"व्हय," त्या कशाबशा म्हणाल्या. "दिलं व्हतं खरं."

सुमनताई नेहाचं कौतुक करत होत्या. सकाळी ज्या बायकांनी सगळं ऐकलं होतं, त्या आता मंजुळाबाईंकडे बघत होत्या. त्यांना लाज वाटली. चारचौघांत अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती कुणावर ढकलायलाही जागा नव्हती.

मोशीच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. रिकामा डबा निशिगंधाच्या मांडीवर होता. चुकलं म्हणायची मंजुळाबाईंना सवय नव्हती. पण न राहवून त्यांनी विचारलं, कारण विचारल्याशिवाय त्यांचा जीव शांत होत नसे.

"नेहाच्या गॅलरीतला येल गच्चीवरनं दिसत आसंल. तुला ठाव व्हतं?"

"दसऱ्याला फुलं आली तेव्हाच ओळखला."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिलाच बरं ठाऊक."

अगदी हेच शब्द मंजुळाबाईंच्या तोंडून निघाले असते. बस एका सिग्नलला थांबली, पुन्हा सुटली.

"आन आज? एवढं बोलले म्या तुला, समद्यांच्या म्होरं. तवा तरी सांगायचं नेहाचं नाव."

निशिगंधानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तिचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही तिला चोर म्हणाला असता, आत्या. परक्या गावात आलेली पोर ती, तिनं कुठं तोंड दाखवलं असतं? मला काय, मला सवय आहे."

मंजुळाबाईंना तिच्याकडे बघवेना. मोशी येईपर्यंत त्यांनी तिला आणखी काही विचारलं नाही.