हातावरचं दही

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दूध सोडलं. दुधाबरोबर दही, ताक, तूप, पनीर सगळंच. मासे-अंडी आमच्याकडे कधी नव्हतीच, त्यामुळे मला हे अगदीच किरकोळ वाटलं होतं. घरात माणसं दोनच, आई आणि मी. बाबा मी शाळेत असतानाच गेले. दोघींच्या घरात एकीने काही सोडलं की अर्ध्या घराने ते सोडलेलं असतं, हे गणित तेव्हा मला सुचलं नाही.

खडवलीजवळच्या एका गावात आमचं कॉलेजचं शिबिर होतं. तिथे एका गोठ्यात धार काढताना बघायला नेलं. म्हशीसमोर तिचं रेडकू उभं होतं आणि ती त्याला चाटत होती. मी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताला पेंढा लागला. मेलेल्या रेडकाचं कातडं होतं ते, आत पेंढा भरून शिवलेलं. ‘त्याच्याबिगर पान्हा सोडत नाय ती,’ गोठेवाले काका म्हणाले. वाईट माणूस नव्हता. आम्हा सगळ्यांना त्याने चहा दिला. माझा कप मी तसाच ठेवला, आणि त्यानंतर दुधाचा चहा कधीच प्यायले नाही.

घरी आले तेव्हा आई मानपाड्याच्या ऑफिसातून नुकतीच परतली होती आणि चहाचं आधण ठेवत होती. मी ओट्याला टेकून तिला लांबलचक भाषण दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं. मग तुला कोरा देऊ?’ मला वाद हवा होता. वाद घालायला मिळाला नाही की माझं डोकं जास्तच फिरतं.

वाद कॉलेजात भरपूर मिळाले. कॅन्टीनमध्ये कुणी मस्का-पाव मागवला की मी रेडकाची गोष्ट सुरू करायचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ऐकलं. नंतर ‘अगं ए, श्वास तरी घेतेस ना? त्यात पण जंतू असतात!’ असं सुरू झालं. दोन महिन्यांत माझ्यासाठी कुणी जागा धरेनासं झालं. मी लायब्ररीच्या जिन्यात बसून डबा खायचे आणि माझंच बरोबर आहे म्हणून स्वतःची पाठ थोपटायचे. बरोबर होतंच. पण फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं कुणाला?

आईला सांगता आलं असतं. पण तिच्यावर तर मी सगळ्यात जास्त करवादायचे. एका रविवारी तिने खास माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. मी अमुक खात नाही, तमुक खात नाही, म्हणजे उपासाचं चालत असेल, असा बिचारीचा हिशेब. खिचडी तुपातली होती. मी ताट सरकवलं आणि उठले.

मग परीक्षा आली. पहिलीपासून प्रत्येक परीक्षेला मी निघाले की आई दारात यायची, तळहातावर चमचाभर दही-साखर घालायची आणि ‘ये यशस्वी होऊन’ म्हणायची. त्या दिवशीही ती चमचा घेऊन आली. मी हात मागे घेतला. ‘किती वेळा सांगायचं गं? दही म्हणजे दूधच ना?’ ती ‘हो, खरंच की,’ म्हणाली आणि चमचा घेऊन आत गेली. त्या वेळी मला केटी लागली, एक विषय राहिला. दह्याचा काही संबंध नव्हता, अभ्यासच धड झाला नव्हता. आईनेही एका शब्दाने टोमणा मारला नाही. पुढच्या परीक्षेला ती चमचा घेऊन आलीच नाही.

केटीच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी घाबरलेलीच होते. ‘ऑल द बेस्ट’ म्हणायला कुणाचा मेसेजसुद्धा नव्हता. बूट घातले आणि दारातच उभी राहिले. ठरवलं, आज एक दिवस. मी हात पुढे केला.

‘आई, दही दे ना.’

‘दही नाहीये गं घरात.’

‘कालचं?’

‘विरजणच लावत नाही मी आता. एकटीसाठी कशाला लावायचं? झाले की पाच-सहा महिने.’

ते विरजण आईने लग्नानंतर कोकणातून, तिच्या आईकडून आणलेलं होतं. आदल्या दिवशीचं चमचाभर राखून दुसऱ्या दिवशीचं लावायचं, असं माझ्या जन्माआधीपासून चालू होतं. ते बंद पडलं आणि मला पत्ता नाही. दिवसातून दहादा मी तो फ्रिज उघडत होते. रेडकात पेंढा आहे हे मला हात लावल्याबरोबर कळलं होतं. आईच्या पानात ताक नाही हे रोज समोर बसूनही दिसलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

‘साखर चालते ना तुला?’ तिने विचारलं आणि चिमूटभर साखर हातावर ठेवली. ‘नीट लिही.’

मी पास झाले. आता नोकरीसाठी बाहेरगावी एकटी राहते आणि दूध अजूनही घेत नाही, त्याचा मला पस्तावा नाही. मध्यंतरी डोंबिवलीला आईकडे गेले तेव्हा शेजारच्या काकूंकडून वाटीत विरजण मागून आणलं आणि आईपुढे ठेवलं. म्हटलं, तू तरी खा, माझ्यामुळे कशाला सोडतेस?

आईने वाटी हातात घेतली, वास घेतला आणि परत माझ्याकडे दिली.

‘काकूंना देऊन ये. मला आता नाही गं आवडत.’