सोनीसाठी मागितलं तेव्हा

आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. म्हणजे काय, तर बाप्तिस्म्याचे दाखले कपाटात, नाताळला करंज्या आणि केक, आणि ईस्टरला नवे कपडे घालून वाशिंदहून कल्याणच्या चर्चला जाणं. देव होता, पण लांबच्या नातेवाइकासारखा. कार्यप्रसंगी भेटायचा, एरवी विचारपूस नाही. त्यात मला कधी काही उणंही वाटलं नाही.

मग ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. मी हट्टी बाई, वाट बघणं मला जमत नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी देवावर नुसती धुमसत होते. ज्याला कधी मनापासून हाक मारली नाही त्याच्यावर रागवायचा मला हक्क तरी काय, हेही कळत होतं.

शेजारी मुरबाडकडच्या एका पाड्यावरची आजी बसली होती. तिची नात आत तापाने फणफणली होती. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून ती जवळ सरकली.

"बाय, तू येशूची हायस ना गो? माझ्या पोरीसाठी सांग ना त्याला."

नाही म्हणवेना. डोळे मिटून मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हटली, लहानपणापासून तोंडपाठ. आमेन म्हणून डोळे उघडले, तर आजी माझ्याकडेच बघत होती.

"ही त सगळ्यांची झाली. माझ्या सोनीचा काय बोललीसच नाय तू."

उभ्या जन्मात मी स्वतःच्या शब्दांत देवाकडे काही मागितलं नव्हतं. "प्रभू, ही सोनी…" म्हणून अडखळले. मग कसंबसं म्हटलं, "तिचा ताप उतरव. तिची आजी फार घाबरली आहे." आणि त्याच दमात ह्यांच्यासाठी मागू लागले, तशी रडूच कोसळलं. आजीने माझा हात घट्ट धरून ठेवला. त्या बाकावर मला पहिल्यांदा जाणवलं, कुणीतरी ऐकतंय. ते मला कुणाला पटवून द्यायचं नाही.

सोनी बरी होऊन पाड्यावर गेली. त्या आजीची पुन्हा गाठ पडली नाही, पण तिचे उपकार मी विसरणार नाही. हे घरी आले, मात्र उजवा हात अजून तसाच आहे. परवा जाऊबाई म्हणाल्या, "एवढी प्रार्थना करून काय पदरात पडलं?" मी रोज सकाळी ह्यांच्या खाटेशी बसते, तो हात हातात घेते आणि हट्टाने मागते, हा हलू दे. शेवटी म्हणते, "प्रभू, नाही दिलंस तरी मी इथून उठून जाणार नाही." चर्चला गेल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर थांबणारे हे, आता मला प्रार्थनेला बसायला जरा उशीर झाला, की डाव्या हाताने खाट वाजवून बोलावतात.