पहिले हल्दी, मग बहस

इंदूताईंच्या वर्गात पहिल्या दिवशी लाठी मिळत नसे, हळदीची वाटी मिळत असे. नदीकाठच्या बालाजी घाटाच्या वर, हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीतल्या देवळाच्या चौकात त्या रोज संध्याकाळी मुलांना लाठी शिकवत. नवीन आलेल्याला आधी कोपऱ्यात बसून तेलात हळद कालवावी लागे. नियम एकच होता. ज्याची लाठी दुसऱ्याला लागेल त्याने तिथेच थांबायचं, "कुठे लागलं?" म्हणून विचारायचं आणि स्वतःच्या हाताने हळद लावायची. चूक कुणाची होती, ते नंतर. "पहिले हल्दी, मग बहस," त्या म्हणत. वर्गात गल्लीतली हिंदी बोलणारी मुलंही येत, त्यामुळे इंदूताईंचं बोलणं असं अर्धं घरचं आणि अर्धं गल्लीचं झालं होतं.

मुलींच्या शाळेत पीटी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. अंगाने काटकुळ्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. आवाजच असा होता की घाटावरचे नावाडीही वळून बघत. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "माझ्याशी कोण बहस करणार, म्हणून राहून गेलं."

माझी मुलगी रेवा त्यांची लाडकी. दहावीत होती, लाठीत तरबेज आणि मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळात त्याहून तरबेज. एकदा इंदूताई चहाला आल्या होत्या आणि ही कोपऱ्यात धडाधड गोळ्या झाडत बसलेली. मी म्हटलं, "ताई, सांगा हिला काहीतरी, माझं ऐकत नाही." त्यांनी सांगितलं काहीच नाही. चष्मा लावला आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"हा पडला तो मेला का ग?"

"नाही आजी, नॉक झालाय. त्याच्या टीमचा कुणीतरी येऊन उठवतो."

"आणि ज्याने मारलं तो?"

"तो पुढे जातो. थांबला तर त्यालाच मारतील ना."

इंदूताईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "तुम्हाला अर्धाच खेळ शिकवलाय." रेवा हसली. मीही हसले आणि चहा ओतला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. अंशुल नावाचा रेवाच्याच शाळेतल्या वर्गातला मुलगा, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, खेळात तिच्या टीममध्ये होता. तो टीममधून फुटला, लपून बसला आणि त्याने तिला मागून मारलं. खेळच तो, पण हिला रडू कोसळलं. खेळताना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं; तिचं ते रडणं आणि शिव्या त्याने रेकॉर्ड करून शाळेतल्या सगळ्या वर्गाला पाठवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चौकात आला आणि मोबाईलचा आवाज मोठा करून तेच सगळ्यांना ऐकवू लागला. इंदूताई आत देवापुढे दिवा लावत होत्या. रेवाच्या हातात लाठी होती. ती लाठी उठली आणि तिचं टोक अंशुलच्या डाव्या डोळ्यावर बसलं.

तो कळवळून खाली बसला. रेवाने लाठी टाकली आणि घरी पळत आली. वर्गातला एकुलता एक नियम तिला पाठ होता, पण त्या दिवशी ती थांबली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आत रक्त साकळलंय. डोकं उंच ठेवून पडून राहायचं, वेळच्या वेळी पट्टी सोडून औषधाचे थेंब घालायचे. नजर राहते की जाते, ते काही दिवसांनी कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी माणसांचा हा गोतावळा जमला. देवळाचे विश्वस्त, शेजारी, सगळ्यांचं एकच पालुपद: "मोबाईल, दुसरं काय? ते गेमच पोरांना कसाई करतात." मी जोरजोरात मान हलवत होते. मोबाईलने केलं म्हटलं की माझ्या मुलीने केलं, असं म्हणावं लागत नव्हतं. अंशुलचे काका गल्लीच्या तोंडाशी उभे होते, पोलिसांत जाण्याची भाषा चालली होती. पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला, पोरीला आजच गाडीत बसव. मी तिची बॅग भरायला घेतली. हाताला येईल ते कोंबलं, चेन लागेना.

इंदूताई आल्या. "बॅग राहू दे. रेवा, चप्पल घाल."

"ताई, तिथे तिला मारतील."

"मारतील तर पहिले मला लागेल. मी पुढे चालते."

"पण त्या खेळामुळेच..."

"असेल ग. हात खेळाने उचलायला लावला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या खेळात मारणारा पुढे निघून जातो. तू तेच करतेयस, फक्त तिकीट पुण्याचं काढून."

मी बॅग तिथेच टाकली. आम्ही निघालो. पुढे इंदूताई, हातात लाठी नाही, मध्ये रेवा, मागे मी. रोजची गल्ली, पण कुणी "कहाँ चलीं?" म्हणून विचारलं नाही. पानवाल्याचे हात थांबले. काका आमच्या मागोमाग चालत आले आणि पुढे होऊन अंशुलच्या घराच्या दारात आडवे आले.

"अब क्या लेने आई हैं? गेम में लाठी नहीं होती, दीदी. लाठी आपने सिखाई है."

"हाँ भइया, हमने सिखाई. इसीलिए आए हैं."

अंशुलची आई बाहेर आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "इसको मेरे बच्चे के पास मत लाइए," एवढंच म्हणाली आणि आत गेली. इंदूताई पायरीवर बसल्या. रेवा उभीच राहिली. आत थेंब घालायची वेळ झाली असावी. आई विनवत होती, मुलगा डोळा घट्ट मिटून कण्हत होता. आमच्याभोवती माणसं वाढत चालली होती. मला वाटलं, आता कुणाचा तरी हात उठणार.

तेवढ्यात रेवा आतल्या अंधाराकडे बघून म्हणाली, "अंशुल, कहाँ लगी?"

कण्हणं थांबलं. मग आवाज आला, "पता नहीं. कुछ दिख नहीं रहा."

रेवा उभ्या जागी हुंदके देऊ लागली. अंशुलची आई दाराशी आली, तिच्याकडे बघत राहिली. आईच्या हातून मुलाच्या डोळ्यात थेंब काही पडत नव्हते. तिने बाटली रेवाच्या हातात दिली. काका बाजूला झाले.

पट्टी निघेपर्यंत रेवा शाळेच्या आधी आणि नंतर त्या घरी जात होती. अंशुलची नजर आली, पण पुरती नाही. डाव्या डोळ्याला अजून धुकट दिसतं. विश्वस्तांनी लाठीचा वर्ग बंद केला. इंदूताईंनी वाद घातला नाही. "लाठी माझीच होती," एवढंच म्हणाल्या आणि हळदीची वाटी घासून घरी घेऊन गेल्या. गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मला फार जड गेलं, अजून जातं. ती वाटी रेवाने मागून घेतली.

गेमचं म्हणाल, तर तो सुटलेला नाही. मी अजून बडबडते आणि ती अजून ऐकत नाही. परवा तिला जेवायला हाक मारायला गेले आणि दाराशीच थांबले. आत गोळ्या चालल्या होत्या. कानाला हेडफोन लावून ती अंशुलला सांगत होती, "तू सामने देख. लेफ्ट मैं देख रही हूँ."