दाजींचं नवं द्रव्य

झाडपाल्याला पलंगावर आणि पाहुण्याला सतरंजीवर जागा देणारं घर सांगलीत एकच आहे, आणि ते माझ्या दाजींचं. दाजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचीच प्रयोगशाळा केली. कृष्णाकाठच्या वायवर्णाच्या झाडाच्या पानांत अजून कुणीही वेगळं न काढलेलं एक तरी द्रव्य आहे, अशी त्यांची खात्री. पाला सावलीतच वाळला पाहिजे, म्हणून तो दिवाणखान्यात. वाळला की स्पिरिटमध्ये भिजायचा, अर्क आटायचा आणि मग त्यातली द्रव्यं वेगळी व्हावीत म्हणून पांढरी भुकटी भरलेल्या उभ्या काचनळीतून थेंबाथेंबाने उतरायचा. नळी चालू असली की दाजी लग्नाला जात नसत आणि मयताला उशिरा पोचत. माझी थोरली बहीण कातावायची, "आवं, पाव्हणं दारात हुबं हायती. पाला आवरा की!" थेंबावरची नजर न काढता दाजी म्हणायचे, "त्यांना अंगणात बसव. माणसाला ऊन चालतं."

मग ताई गेली. दहावा उरकून घाटावरून परतताना दाजी मला म्हणाले, "नवं द्रव्य मिळालं की तिचं नाव देणार. शोधणाऱ्याला तेवढा हक्क असतो."

त्यानंतर नळी थांबलीच नाही. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला, "मिळालं रे! या पानात हे असल्याचं कुठंच छापलेलं नाही." ओळख पटवायला नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला तेव्हा मी त्यांच्याजवळ होतो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून कारखान्यात जे घालतात, तेच ते द्रव्य. स्पिरिट ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून उतरलेलं.

"काचेतच ठेवा, असं पोरांना जन्मभर बजावलं," दाजी म्हणाले.

"मग कॅन कशाला घेतला?"

"घाई झाली रे."

त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "दाजी, नाव देऊन टाका. कोण तपासायला येतंय?"

एवढ्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "जे झाडात नाहीच, त्याला तिचं नाव देऊ?"

परवा पुन्हा गेलो. स्पिरिट काचेच्या बरण्यांत होतं, पलंगावर ताजा पाला. दाजी थकलेत, हाताला येतील त्या खालच्या फांद्यांवर भागवतात.

"या खेपेला मिळेल," मी म्हणालो.

"मिळू दे सावकाश. मिळाल्यावर या घरात मी करायचं काय?"

पानं उडत होती. त्यांनी उठून पंखा बंद केला.